खाणीच्या पाण्यात चुनखडी भरली की झालं?

वारणाकाठ:
परवा इथं कुणीतरी लिहिलं, "खाणीच्या आंबट पाण्याला वीज नको, माणूस नको. चरात चुनखडी भरा आणि विसरा." त्या 'विसरा'वर माझा आक्षेप आहे. कोळशातल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल सुटतं, सोबत लोह. चुनखडी आम्ल मारते, मान्य. पण चर उघडा असेल तर लोहाचा तांबडा थर खड्यांवर चढतो, मग आतला दगड पाण्याला लागतच नाही. म्हणून चर मातीनं बुजवून हवा तोडतात. पाण्यात ॲल्युमिनियम जास्त असेल तर बुजवलेला चरही तुंबतो. शिवाय पुढं गाळ बसायला तळं हवं, ते उपसायला माणसं हवीत.

घाटमाथा:
ते मीच लिहिलं. आमचं घर गलाईचं, सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारं. वडील कोईमतूरला तेजाबाचं उरलेलं पाणी संगमरवराच्या चुरीवर ओतायचे. फसफस थांबली की काम झालं. चाळीस वर्षं हेच केलं.

वारणाकाठ:
आम्ल संपलं म्हणून थांबली की खडे माखले म्हणून? सामू (पीएच) कधी मोजलात?

घाटमाथा:
वडिलांच्या अनुभवावर बोलायचं काम नाही.

माजी सुभेदार, सातारा:
मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत ड्युटी केलीय. ओढ्यातले दगड तांबडे, पाण्यात मासा नाही. हरित लवादानं २०१४ साली तिथल्या बिळांसारख्या खाणींवर बंदी घातली. पण सोडून दिलेल्या खाणीतून आंबट पाणी झिरपतच राहतं. तिथं पंप कोण चालवणार? चुनखडीचा चरच परवडेल.

कृष्णाकाठ:
मेघालयाचं राहू द्या, आमच्या क्षारपडीचं बोला! दुकानदार असंच म्हणाला, जिप्सम टाका आणि विसरा. दोन एकरांत टाकलं. रान अजून पांढरंच.

वारणाकाठ:
माती तपासली होती का? जिप्सम चोपण रानाला, म्हणजे मातीत सोडियम जास्त असेल तर. नुसतं खारवट असेल तर पाण्यानं क्षार धुवायचे. निचरा नसेल तर दोन्ही वाया. आणि उसाला मोकाट पाणी सोडलं की...

कृष्णाकाठ:
म्हणजे चूक शेतकऱ्याचीच! पाळी रात्री दोनला येते. थंडीत दारं धरून बघा, मग मोकाट म्हणा.

वारणाकाठ:
'मोकाट' लागलं असेल तर तो शब्द सोडतो. निचऱ्याचं मात्र सोडत नाही.

घाटमाथा:
मीही 'विसरा' मागं घेतो. दगड माखतो हे पटलं. पण सुभेदारांचं बरोबर आहे, बेवारस खाणीला दुसरं परवडत नाही.

कृष्णाकाठ:
निचऱ्याचे पाइप टाकायला तयार आहे. पाणी ओढ्याला काढायचं तर खालच्या रानातून वाट हवी, आणि ते रान भावकीचं. चार वर्षं नाही म्हणतायत. त्यावर कुणाकडं काही असेल तर सांगा.