डेस्कटॉप सुरू होऊन लगेच बंद पडतो. मदरबोर्ड बदलावाच लागेल का?

पागोळी

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लावते, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

कुडाळच्या बाजूला आमचं लहानसं दुकान आहे. झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन असली कामं. दुकानातला मुख्य संगणक २०१४ साली जोडून घेतलेला आहे: चौथ्या पिढीचा आय-३, एच-८१ मदरबोर्ड, ४-४ जीबीच्या दोन रॅम, विंडोज १०. जुना झालाय हे मान्य. पण आमचं मराठी टायपिंगचं डोंगलवालं श्री-लिपी त्याच्यावर आहे, आणि कोरलमध्ये केलेल्या दहा वर्षांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, भजनी मंडळांची पत्रकं सगळी त्याच्यातच.

परवा सकाळी दुकान उघडलं, संगणक लावला, पंखा फिरला, दिवा लागला आणि लगेच सगळं गप्प. मॉनिटरवर अक्षर नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी स्वतःकडचा एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) लावून बघितला, तरी तेच. म्हणाले, मदरबोर्ड गेला. आता नवा मिळत नाही, कुठून तरी जुना आणून देतो, साडेपाच हजार होतील.

चतुर्थी तोंडावर आली आहे. मंडळांची पावतीपुस्तकं छापायची आहेत. साडेपाच हजार घालावेत की नवीनच घ्यावा? आणि आतल्या फायली गेल्या का? पोटात गोळा आलाय खरंच.

मुक्काम_पोस्ट

ताई, २०१४ च्या यंत्राला साडेपाच हजार म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मुंबईत कुणी असेल तर लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यात असेल तर तपकीर गल्लीतून जरा अलीकडचा जुना संच मागवा. फायलींची काळजी नको, हार्डडिस्क वेगळी असते.

खोडरबर

थांबा थांबा, लगेच भंगारात काढू नका. पावसाळ्यात दहातले पाच संगणक रॅममुळे बसतात. वीज बंद करा, पिन काढा, दोन्ही रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्टीवर शाळेतलं साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, परत लावा. दोन्ही बाजूंनी टक्क आवाज आला पाहिजे. आधी एकच रॅम लावून बघा, मग दुसरी. जमलं तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल पण पाच मिनिटं काढून ठेवा.

सावंतवाडी_लोकल

+१. पण एसएमपीएसमध्ये डोकावून बघा हो. आमच्याकडे मुंग्यांनी घर केलं होतं, आणि एकदा पालीचं पिल्लू भाजून निघालं होतं. कोकणात हे सर्रास चालतं.

स्क्रूड्रायव्हर

डोकावून बघा, पण बाहेरूनच. एसएमपीएसचं झाकण कुणीही घरी उघडू नये. २३० व्होल्ट आत गेले की एकदिश होऊन साधारण ३२५ व्होल्ट होतात, आणि ते मोठ्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही काही वेळ साठून राहू शकतात. मुंग्या दिसल्या तर अख्खा डबा बदलायचा.

पागोळीताई, मी सांगलीत वीसेक वर्षं हेच काम करतो. ‘सुरू होत नाही’ या तीन शब्दांत निदान पाच वेगवेगळे आजार असतात, म्हणून पैसे घालायच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या. घाईने नको, बघून द्या.

एक, घड्याळ धरून मोजा: पंखा किती सेकंद फिरतो?

दोन, बंद पडल्यावर तो आपोआप पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करतो, की गप्पच बसतो?

तीन, गप्प बसल्यावर पुढचं बटण पुन्हा दाबलं तर काही होतं?

चार, आणि हे महत्त्वाचं. भिंतीवरचा बोर्ड चालू केल्याबरोबर, म्हणजे तुम्ही बटण दाबायच्या आधीच, पंखा फिरायला लागतो का?

पागोळी

सगळ्यांचे आभार. काल रात्री रॅमला खोडरबर केलं, सेलही काढून परत बसवला. फरक शून्य.

स्क्रूड्रायव्हरदादा, तुमचे प्रश्न घेऊन लेकाला मोबाइलचं स्टॉपवॉच धरायला बसवला. पाच वेळा केलं. प्रत्येक वेळी चार सेकंद, फार तर एखादा ठोका इकडेतिकडे. बंद पडला की गप्पच. बटण कितीही दाबा, काही नाही. भिंतीवरचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने लावलं की परत तेच चार सेकंद.

आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मीच चमकले. हो! पुढच्या बटणाला हात लावायच्या आधीच पंखा फिरतो. आम्ही सकाळी भिंतीवरचं आणि पुढचं बटण पाठोपाठ दाबतो, म्हणून इतके दिवस कधी लक्षातच आलं नाही.

स्क्रूड्रायव्हर

मग मदरबोर्डला फाशी देऊ नका, तो बहुतेक निर्दोष आहे.

संगणक अडकला की आपण बटण दाबून धरतो आणि तो चार सेकंदांनी बंद पडतो, हे तुम्ही हजारदा केलं असेल. ती चार सेकंदांची सोय मदरबोर्डमध्येच असते. तुमच्याकडे आता कुणीही बटण धरलेलं नाही, पण मदरबोर्डला तसंच वाटतंय. म्हणजे पुढचं बटण आतल्या आत दाबलेलंच राहिलंय. कोकणातली दमट हवा, पत्र्यावरचा गंज, धूळ, बटणाची थकलेली स्प्रिंग, यातलं काहीही असेल. वीज आली की बोर्डाला वाटतं बटण दाबलं, सुरू होतो. चार सेकंद झाले, बटण सुटलंच नाही, बंद होतो. मग तुम्ही वरून कितीही दाबा, दाबलेलं बटण आणखी काय दाबणार.

काही बोर्डांत वीज आली की आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते. तुमच्याकडे तीही असू शकेल, पण त्या सेटिंगमुळे चार सेकंदांनी बंद पडत नाही.

दुरुस्तीवाल्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही, त्यांचा हिशोब सरळ होता. नवा एसएमपीएस लावला, तेच झालं, म्हणजे उरला मदरबोर्ड. फक्त कॅबिनेटचं बटण हिशोबात धरायचं राहिलं. ते कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण त्याला आपण सुटा भाग समजतच नाही.

आता करून बघा. वीज बंद, पिन भिंतीतून बाहेर. कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकणी काढा. हात आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात बारीक बारीक वायरींचा झुबका दिसेल. पुढच्या बटणांच्या आणि दिव्यांच्या वायरी त्या. त्यातल्या ज्या छोट्या काळ्या टोपीवर ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलंय तेवढीच उपटा. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर नंतर मला शिव्या द्याल. मग पिन लावा आणि भिंतीवरचं बटण चालू करा. पंखा फिरला नाही तर आनंद माना. मग ज्या दोन पिनांवरून टोपी काढली, त्या दोन्हींना एकाच वेळी स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर लावा आणि काढा. तिथे जेमतेम तीन ते पाच व्होल्ट असतात, झटका बसत नाही. शेजारच्या दुसऱ्या कुठल्या पिनांना मात्र टोक लागू देऊ नका.

पुणेरी_पगडी

स्क्रूड्रायव्हरसाहेब, हे इथे असेल, पण इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून विचारतो. एसएमपीएस, रॅम आणि मदरबोर्ड यांचे आजार वेगळे कसे ओळखायचे?

स्क्रूड्रायव्हर

थोडक्यात सांगतो, कारण नियम नाहीत, अंदाज आहेत.

काहीच हालचाल नाही, दिवासुद्धा नाही: आधी भिंतीतलं सॉकेट, वायर, एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण. यूपीएसवर असेल तर तो बाजूला काढून थेट लावा. आमच्याकडे दर महिन्याला एक तरी माणूस खराब यूपीएसवरचा संगणक घेऊन येतो.

सुरू होतो, बंद होतो, परत स्वतःच सुरू होतो, असं चक्र चालू: एसएमपीएस दमलाय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी वायर सैल असेल तरी असं होऊ शकतं. ती वायर लोक हटकून विसरतात.

पंखा फिरतच राहतो पण पडदा काळा: रॅम, किंवा मॉनिटरची वायर भलत्याच ठिकाणी. ग्राफिक्स कार्ड असताना वायर मदरबोर्डला लावलेली मी कितीदा पाहिलीय.

एसएमपीएस तपासायचा तर मल्टिमीटर हवा. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात, लालवर ४.७५ ते ५.२५. जांभळ्यावर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत, नुसती पिन लावलेली असताना. तिथे काही नसेल तर वेगळी परीक्षा करायची गरजच नाही. अगदी स्वस्तातल्या डब्यांत रंग पाळलेले नसतात, तेव्हा रंगावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

पागोळी

चालला!!!! टोपी काढली, पिन लावली, पंखा गप्प. पिनांना टोक लावलं (हात थरथरत होता, लेकाने टॉर्च धरलेला), आणि फिरला पंखा, लागला मॉनिटर.

पण आता नवीनच काहीतरी. आधी काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजीत येऊन एफ-१ दाबा म्हणतो. दाबलं की विंडोजचं चिन्ह येतं आणि मग निळा पडदा, त्यावर उदास चेहरा आणि खाली इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. हार्डडिस्क गेली का हो?

खोडरबर

हे माझ्यामुळे झालेलं दिसतंय. सेल काढायला मीच सांगितलं होतं. माफी असावी, ताई.

स्क्रूड्रायव्हर

खोडरबरभाऊ, सेल काढणं चूक नव्हती. फक्त त्यानंतर बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमच्या, सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात हे सांगायचं राहिलं.

ताई, हार्डडिस्क पार गेली असती तर विंडोजचं चिन्हही दिसलं नसतं. झालंय असं: हार्डडिस्कशी बोलायच्या दोन पद्धती आहेत, आयडीई आणि एएचसीआय. तुमचं विंडोज ज्या पद्धतीवर बसवलं होतं ती सेल काढल्यावर बदलली. एफ-१ च्या ऐवजी डिलीट दाबून बायोसमध्ये जा, साटा मोड शोधा. आता आयडीई असेल तर एएचसीआय करा, एएचसीआय असेल तर उलटं. एफ-१० दाबून जतन करा. यानेही निळा पडदा आला तर थांबा, दुसरं काही दाबू नका, इथे लिहा. विंडोज नव्याने टाकायला कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, तुमच्या पत्रिका त्यात आहेत.

पागोळी

आयडीई होतं. एएचसीआय केलं आणि विंडोज उघडलं. श्री-लिपीने डोंगल ओळखलं. पत्रिका, पावतीपुस्तकं सगळी जागच्या जागी. सगळ्यात आधी पेनड्राइव्हवर नक्कल केली, मगच चहा घेतला.

ब्राउझर मात्र एकही साइट उघडेना, घड्याळ मागे आहे म्हणायला लागला. बघितलं तर तारीख २०१३ ची! दुरुस्त केली तर वेबसाइटा उघडल्या, पण रात्री भिंतीवरून बंद केला तर सकाळी परत २०१३.

स्क्रूड्रायव्हर

सेल मेलाय. २०१४ चाच असेल तर बिचाऱ्याने खूप वर्षं नोकरी केली. घड्याळाच्या दुकानात सीआर२०३२ मागा, जुना नमुन्याला घेऊन जा. नवा बसवल्यावर बायोसमध्ये तारीख घाला आणि एएचसीआय एकदा परत बघून घ्या, तेही विसरलेलं असेल.

आता बटणाचं. रोज स्क्रूड्रायव्हर लावून संगणक सुरू करणं बरं नव्हे. तुमच्या कॅबिनेटला रिसेटचं छोटं बटण आहे ना? त्याची टोपी काढा आणि पॉवरच्या दोन पिनांवर बसवा. ही दोन्ही बटणं आतून एकसारखीच असतात, उलटसुलट लावली तरी चालतं. रिसेट गेलं, पॉवर आलं. कॅबिनेट बदलायची गरज नाही.

मुक्काम_पोस्ट

मी झूल वगैरे म्हणालो ते मागे घेतो. पण ताई, विंडोजचा मुद्दा तसाच आहे हं. बँकेचं आणि सरकारी फॉर्मचं काम त्या यंत्रावर नको. ते फक्त छपाईला ठेवा, इंटरनेट शक्यतो तोडून.

पागोळी

ते पटलं. फॉर्मची कामं आता लॅपटॉपवर हलवते.

सेल चाळीस रुपयांना मिळाला. रिसेटची टोपी बसवली, पहिल्या फटक्यात सुरू. दुरुस्तीवाल्या दादांना फोन करून सांगितलं. आधी विश्वासच बसेना, मग म्हणाले, ‘एक कॅबिनेट माझ्याकडे असंच पडलंय, त्याचंही बघतो.’ 

पावतीपुस्तकांचा पहिला गठ्ठा आज दुपारी मंडळाने नेला. जुन्या मोठ्या बटणावर लेकाने चिकटपट्टी लावून स्केचपेनने ‘दाबू नये’ लिहिलंय, आणि सकाळपासून तीन गिऱ्हाइकांनी ते दाबून बघितलंय.