हंप्ता पास म्हणजे पावनखिंड नव्हे (जुना बुधवार यांना उत्तर, जरा लांबलंय)

टेंबलाई नाका:
परवा 'जुना बुधवार' यांनी टाकलेला बेत बहुतेकांनी वाचलाय. ज्यांचा राहिला त्यांच्यासाठी थोडक्यात: "जुलैत पंधरा जणांनी हंप्ता पास (हिमाचलात मनालीजवळची खिंड) करायचा. कंपनी मनालीपासून पुढं माणशी साडेअकरा हजार मागते. कशाला द्यायचे? पन्हाळा-पावनखिंड आपण नऊ वेळा केलाय. वाट मोबाईलमध्ये उतरवून घ्यायची, तंबू भाड्यानं, स्वयंपाक आपला. चिकाचा पहिला मुक्काम गाळला तर एक दिवस वाचतो, चाल सुरू होते त्या जोबराहून थेट पुढचा मुक्काम बालू का घेरा गाठू. गाईड म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले." आणि त्याखाली चाळीस जणांचे अंगठे, 'नाद खुळा', 'जाळ अन् धूर'.

गप्प बसणार होतो. चोचले वाचलं आणि राहवलं नाही.

पावनखिंडीला मी नावं ठेवत नाही. म्हसाई पठारावर धुक्यात दोन तास गोल फिरून पुन्हा त्याच दगडापाशी आलेला माणूस आहे मी. करपेवाडीच्या पुढं चिखलात एक बूट कायमचा ठेवून आलोय. पण तिथं चुकलं तर होतं काय? तासाभरात कुठलीतरी वाडी लागते, एखादी आजी चुलीपुढं बसवते, चहा पाजते आणि "तुमास्नी घरात कामं न्हाईत व्हय रं" म्हणून विचारते. पन्हाळा सव्वातीन हजार फुटांच्या आत आहे. हंप्ता चौदा हजार. जोबरा सोडलं की वाडी नाही, आजी नाही, मोबाईलला रेंज नाही.

आठ वर्षांपूर्वी आम्ही सहाजण असेच 'आपले आपण' उत्तराखंडात गेलो होतो. तिसऱ्या मुक्कामाला आमच्यातल्या एकाचं डोकं दुखायला लागलं, मग उलट्या. आम्ही म्हटलं दुपारचा राजमा बाधला, इनो पाजलं. रात्री तो लघवीला उठला तर पिऊन आल्यासारखा झोकांड्या खात चालला होता. आम्ही हसलो. अक्षरशः पोट धरून हसलो. शेजारच्या तंबूतला गढवाली गाईड काडेपेटी मागायला आला, त्यानं त्याला टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं. जमेना. तो एवढंच म्हणाला, "अभी नीचे." रात्री साडेदहाला बॅटरीच्या उजेडात त्यानं आणि आम्ही दोघांनी त्याला खाली नेलं. पहाटेपर्यंत गडी चहा मागायला लागला. आमच्या सहा जणांच्या मोबाईलात वाट होती, नकाशा होता, सगळं होतं. तो झोकांड्या खातोय तो उंची लागल्यामुळं, विरळ हवा बाधल्यामुळं, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं.

जुना बुधवार:
दादा, वाचून डोळे पाणावले. कमिशन किती टक्के मिळतं तेवढं सांगा, म्हणजे आम्हीपण पुसतो डोळे.

आता माझं ऐका. मीपण एकदा कंपनीबरोबर गेलोय, नाव घेत नाही. अठ्ठावीस जणांची जत्रा. लीडर म्हणून एकवीस वर्षांचं पोरगं, इंग्रजी फाडफाड. दुसऱ्या दिवशी कळलं की तोसुद्धा त्या वाटेनं पहिल्यांदाच चाललाय! मोबाईलमध्ये बघून चालत होता. म्हणजे जे मी फुकटात करणार होतो तेच तो माझ्या पैशानं करत होता. खरं काम करणारे दोघं पहाडी होते, मागून भांडी घेऊन यायचे. त्यांना रोजंदारी किती, विचारलं तर हसून गप्प.

आणि गाईड असला की माणूस वाचतो हे कुणी सांगितलं? जून २०२४ ला उत्तराखंडातल्या सहस्रताल ट्रेकला बावीस जणांच्या गटातले नऊ जण हिमवादळात गेले. त्यांच्यासोबत स्थानिक गाईड होते. मग?

राजारामपुरी सातवी गल्ली:
भांडा निवांत. आधी निजामुद्दीनचं तिकीट काढून दाखवा. कोल्हापुरातनं दिल्लीला थेट गाडी आठवड्यातनं एकदा. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी. पंधरा बर्थ एकत्र? हिमालय राहू दे, तो रेल्वेचा पास आधी सर करा.

पल्स ऑक्सिमीटर:
पेशानं भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळं कंपनी-बिंपनीत पडत नाही. मला फक्त तो 'चिका गाळायचा' प्रकार खटकला.

हिशोब करा. कोल्हापूर साधारण ५७० मीटर. तुम्ही दीड दिवस रेल्वेत, एक रात्र बसमध्ये, सकाळी मनालीत (२,०५० मीटर) उतरणार आणि त्याच रात्री बालू का घेराला ३,६०० मीटरवर झोपणार. तीन हजारच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांत एक दिवस थांबावं, असं आम्ही सांगतो. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या. चिका आहे ३,१०० च्या आसपास. तो मुक्काम शोभेला नाही.

उंची लागू नये म्हणून डायमॉक्सची गोळी आहे की, असं आता कुणीतरी म्हणेल. १२५ मिलिग्रॅम दिवसातनं दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून. ती घेतली म्हणून मुक्काम गाळता येत नाहीत. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि पहिली गोळी घरीच घेऊन बघावी. बोटांना मुंग्या येतात, दर तासाला लघवीला जावं लागतं, चहासुद्धा वेगळा लागतो. ते तंबूत पहिल्यांदा कळण्यात मजा नाही.

आणि 'मी रोज रंकाळ्याला पाच फेऱ्या मारतो' हे कृपया सांगू नका. तब्येतीचा आणि उंची लागण्याचा संबंध फारसा नसतो. उलट तगडी पोरं भरभर चढतात आणि आधी आडवी होतात.

सॅकवाला:
गाईड घ्या नाहीतर नका घेऊ. माझं म्हणणं एवढंच, जे स्वतःची सॅक खेचरावर टाकतात त्यांनी स्वतःला ट्रेकर म्हणवून घेऊ नये. बॅकपॅक म्हणजे पाठीवरची पिशवी, खेचराच्या पाठीवरची नव्हे. दिवसभर मोकळ्या हातानं चालायचं आणि पासवर पोचल्यावर दुसऱ्याची सॅक मागून फोटो काढायचा. बघितलंय मी.

जुना बुधवार:
हे एक नंबर बोललास भावा.

हाडाची भटकी:
सॅकवाले, तुमची पाठ कधी उघडलीय का ऑपरेशन टेबलावर? माझी उघडलीय. कमरेचे दोन मणके. डॉक्टरांनी पाच किलोच्या वर उचलायचं नाही म्हणून लिहून दिलंय. दोन वर्षांपूर्वी सॅक खेचरावर देऊन केदारकांठा केलो. साडेबारा हजार फूट, पायानं चढलो, खेचरावर बसून नव्हे. आता मी कोण ते तुम्ही ठरवणार?

सॅकवाला:
भावा, तुझं वेगळं आहे. मी धडधाकटांबद्दल बोलतोय.

हाडाची भटकी:
भावा नव्हे, ताई म्हणा. कोल्हापूरच्या पोरी 'गेलो, केलो'च म्हणतात, एवढंही ठाऊक नाही? बाहेरचे दिसता.

आणि धडधाकट कोण ते कपाळावर लिहिलेलं असतं काय? पाळी आलेली, दम्याचा पंप खिशात असलेली, साठीतली बाई तुमच्या मागं चालत असते. तिनं आधी तुमच्यापुढं फाईल उघडायची आणि मग सॅक द्यायची?

सॅकवाला:
ताई, चुकलं. पण जनावराचं काय? खेचराच्या पाठीवरच्या जखमा बघितल्यात कधी? खोगिराखाली कातडं सोलून निघालेलं असतं, वर माश्या. तुमच्या सॅकेत हेअर ड्रायर असतो आणि त्याचं रक्त निघतं. मी एका ट्रेकला चार पायऱ्या चढून थांबलेलं, पाय थरथरणारं खेचर बघितलं, तेव्हा ठरवलं. जेवढं पाठीवर बसेल तेवढंच न्यायचं. माझी सॅक नऊ किलो असते, तंबू धरून. पाहिजे तर काट्यावर घालून दाखवतो.

गुळाचा रवा:
मी कधी लिहीत नाही. आज लिहितो.

माझे आजोबा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हमाल होते. ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, एका वेळी दोन-दोन. सीझनला दिवसाला किती व्हायचे ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्या मानेमागं मूठभर गाठ होती, मी लहानपणी तिच्यावर हात फिरवायचो. त्यांना जर कुणी येऊन सांगितलं असतं, की "आम्ही आता आमचा गूळ आमच्याच पाठीवरून नेणार, कारण दुसऱ्याला ओझं देणं कमीपणाचं," तर ते म्हणाले असते, "मग माझ्या पोरांनी खायचं काय?"

मनालीकडच्या गावांत सफरचंद आणि पर्यटक, दोनच पिकं. त्यातही सीझन चार महिने. तुम्ही सॅक दिली नाही म्हणून तुमचं पुण्य वाढत असेल, त्याच्या घरचा तवा थंड राहतो. ओझं द्या, मोजून द्या, भाव पाडू नका. जखमी जनावर दिसलं तर त्याच्यावर टाकू नका आणि बदलून मागा. हे जमत नाही म्हणून सगळंच बंद, असं कसं?

सॅकवाला:
माणसाला ओझं द्यायला माझा विरोध नाही. पोर्टर घ्या, चांगले पैसे द्या. विरोध खेचराला आहे.

गुळाचा रवा:
वर तर 'दुसऱ्याची सॅक घेऊन फोटो' म्हणत होता. तेव्हा खेचराचं दुःख कुठं होतं? वरचं स्वतःच वाचा एकदा.

सॅकवाला:
वाचलं. फोटोचं वाक्य मागं घेतो. खेचराचं घेत नाही.

मु. पो. गारगोटी:
खेचर परवडलं ओ. ते निदान ब्लूटूथचा डबा घेऊन 'झिंगाट' लावत नाही. गेल्या पावसाळ्यात दाजीपूरला आमच्यापुढं एक टोळकं असलंच. गवा लांब राहिला, चिमणीसुद्धा दिसली नाही. पंधरा जण न्या नाहीतर पन्नास, तो डबा मात्र घरी ठेवा.

जुना बुधवार:
मूळ विषय काय होता ते आठवतंय का कुणाला?

टेंबलाई नाका:
आठवतंय. आणि तुमच्या सहस्रतालच्या मुद्द्याला मी मुद्दाम थांबलो होतो, कारण तो मुद्दा खरा आहे. गाईड असून माणसं जातात. गाईड म्हणजे ताईत नव्हे, एवढं मान्य. कमिशनचं मात्र मान्य नाही. मी एमएसईबीत लाईनवर काम करतो, खांबावर चढायचे पैसे मिळतात, डोंगर चढायचे नाहीत.

तुम्हाला आलेलं ते एकवीस वर्षांचं पोरगं, तो अनुभव पण खरा. पण त्यातून तुम्ही काढलं काय, तर गाईडच नको. डॉक्टर वाईट निघाला म्हणून कुणी घरी अपेंडिक्स काढत नाही. दुसरा डॉक्टर बघतो. पैसे भरायच्या आधी फोन करून विचारायचं. लीडरनं गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय का, मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेतून किंवा उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेतून? ही वाट त्यानं स्वतः किती वेळा केलीय? ऑक्सिजन सिलेंडर सोबत चालतो की मनालीच्या ऑफिसात राहतो? पंधरा जणांना माणसं किती? एक जण आजारी पडला तर त्याला खाली कोण नेणार आणि उरलेल्यांबरोबर कोण थांबणार? यातला शेवटचा प्रश्न विचारला की निम्म्या कंपन्या फोनवर "सर, मैं आपको कॉलबॅक करता हूँ" म्हणतात. जी सरळ उत्तर देते ती घ्यायची. नाहीतर कंपनीला बाजूला ठेवून मनालीतला नोंदणीकृत स्थानिक गाईड थेट धरा, तुम्हाला पहाडी माणसाच्या हातात पैसे जायला हवेत ना?

वेळेचं पण ठरवा. पासच्या दिवशी अमुक वाजेपर्यंत वर पोचलो नाही तर परत. तिकडं दुपारनंतर ढग भरतात, आणि उतार पलीकडच्या मुक्कामापर्यंत, शिया गोरूपर्यंत, लांब आहे. शेवटी नदी ओलांडायची, वितळलेल्या बर्फाचं पाणी, संध्याकाळी वाढतं. 'परत' हा शब्द गटातल्या मित्राच्या तोंडून कुणी ऐकत नाही. मी आठ वर्षांपूर्वी तोंडातून काढला होता, पाचजणांनी मला 'बाई' म्हटलं. बाहेरचा माणूस म्हणाला की मुकाट ऐकतात.

हाडाची भटकी:
'बाई' म्हटलं म्हणजे?

टेंबलाई नाका:
ताई, त्यांनी म्हटलं, मी नव्हे.

राजारामपुरी सातवी गल्ली:
आणि जुना बुधवार, तुम्ही पंधरा जणांकडून पैसे गोळा करणार म्हणजे आयोजक तुम्हीच. उद्या काही झालं तर पंधरा आया तुमच्या दारात. तुमची स्वतःची आई धरून सोळा.

जुना बुधवार:
आईपर्यंत जाऊ नका.

बरं. रात्री घरी बसून विचार केला. चिकाचा मुक्काम ठेवतो, मनालीत एक दिवस जास्त ठेवतो. भूलतज्ज्ञ म्हणतात तर असेल. म्हणजे सुट्टी दोन दिवस वाढली, आमच्यातले तिघं गळाले, राहिलो बारा. गाईड घेतो. कंपनी नाही, थेट मनालीचा. हे मी आधीच करणार होतो असं समजा.

टेंबलाई नाका:
समजलो. 'गाईड म्हणजे चोचले' असं तुमच्या नावानं दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं असणार.

जुना बुधवार:
सॅकेचं मात्र सॅकवाल्याच्या बाजूनं आहे. खेचर नाही. आम्ही बाराही जण जोतिबाला कुशिऱ्याकडून भरल्या सॅकेनं दर रविवारी चढणार आहोत. ज्याला झेपणार नाही त्यानं पोर्टर घ्यायचा आणि पैसे स्वतः भरायचे. गुळाचा रवा, चालेल?

गुळाचा रवा:
चालेल. भाव पाडू नका फक्त.

सॅकवाला:
वजन किती भरलं पहिल्या रविवारी?

जुना बुधवार:
किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. चौदा किलो दोनशे ग्रॅम.

सॅकवाला:
चौदा?? तंबूशिवाय? काय भरलंय?

जुना बुधवार:
स्लीपिंग बॅग, कपडे, दोन लिटर पाणी, खर्डा एक बरणी, दीड किलो भडंग.

पल्स ऑक्सिमीटर:
दीड किलो भडंग घेऊन कुणी चौदा हजार फुटांवर जात नाही. खर्डा एक वेळ समजू शकतो.

जुना बुधवार:
गाईड घेतला, चिका घेतलं, सुट्टी वाढवली. भडंगाला हात लावायचा नाही.