१९ महिन्यांच्या लेकीला आजोबांच्याच ताटातली आमटी हवी असते, मिठाचं काय करू?

कृष्णाकाठ:

लेक आता १९ महिन्यांची. आम्ही कऱ्हाडला असतो. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि ही. पहिलं वर्षभर तिला मीठ-साखर दिलीच नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं आणि आईंनी (सासूबाईंनी) कुरकुरत का होईना, पाळलं. "अळणी खाऊन पोरगी अळणीच व्हायची" हे महिन्यातून एकदा ऐकलं, ते सोडा.

खरा घोळ गेल्या दोन महिन्यांतला. तिच्यासाठी मूगडाळीची मऊ खिचडी लावते, वर तूप. दोन घास खाते, तिसरा थुंकते आणि उठून थेट आण्णांच्या ताटाशी. आण्णा आमटीत भाकरी कुस्करतात, तिला तीच हवी. आमची आमटी म्हणजे कांदा-लसूण मसाल्याची, वर लाल तवंग. नाक गळतं, डोळ्यांत पाणी येतं, तरी तोंडाचा आ मिटत नाही. आण्णा खूश. "रक्तातच आहे," म्हणतात. हे तेच आण्णा, ज्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि तरी ताटात मीठ वाढलेलं लागतंच. ते चिमटीत मीठ घेऊन आमटीवर भुरभुरतात, तर आता हिलाही स्वतःच्या वाटीवर तसंच भुरभुरून हवंय. बोट दाखवून "ते, ते" चालतं.

तर या वयाला दिवसभरात मीठ किती चालतं? खरोखर किती ते सांगा, "चवीपुरतं" नको. आणि मसाल्यांचं काय? हळद, हिंग, जिरं मी घालतेच. दोन वेगळे स्वयंपाक करायची माझ्यात ताकद नाही, सव्वानऊला घर सोडते.

लीड्सकर:

आमचा पठ्ठ्या दोन वर्षांचा. इथे इंग्लंडात एनएचएसवाले (सरकारी आरोग्यसेवा) १ ते ३ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त २ ग्रॅम मीठ सांगतात, म्हणजे ८०० मिलिग्रॅम सोडियम. वर्षाखाली १ ग्रॅमपेक्षा कमी, आणि तेवढं दुधातून, अन्नातून आपोआप येतं. ही वरची मर्यादा आहे बरं, गाठायलाच पाहिजे असं नाही.

२ ग्रॅम म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे येईना म्हणून मी एका रविवारी काटा काढला. घरातल्या काट्यावर एक चिमूट काही दाखवत नाही, म्हणून दहा चिमटी एकाच वाटीत टाकल्या. भरले ४ ग्रॅम. म्हणजे माझी एक चिमूट ०.४ ची आणि मुलाचा दिवसाचा कोटा पाच चिमटींचा. बायकोच्या चिमटी केल्या तर २.५ ग्रॅमच भरले! घरात "चिमूटभर" हे माप कुणाच्या बोटांचं, यावर तेव्हापासून वाद आहे.

आणखी एक. भारतातल्या पाकिटांवर मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणायचं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. इथल्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्येच ०.४ ग्रॅमच्या आसपास मीठ निघतं. वर चीज लावलं की झालं. आमटीतल्या चिमटीवरून आपण भांडत बसतो आणि मीठ तिकडून येत असतं.

खडीसाखर:

साधं मीठ बंद करा, सैंधव वापरा. हलकं असतं, बाळाला बाधत नाही.

इचलकरंजीची:

खडीसाखर, सैंधव असो की समुद्राचं, दोन्ही सोडियम क्लोराइडच. मूत्रपिंडाला त्याचा रंग गुलाबी होता की पांढरा, ते कळत नाही. उलट सैंधवात बहुतेकदा आयोडीन घातलेलं नसतं आणि या वयात ते हवंच असतं. मीठ घालायचं ते आयोडीनयुक्त, फक्त कमी.

कृष्णाकाठ, तुम्ही कांदा-लसूण मसाला म्हणालात म्हणून लिहिते. अहो, त्यातच मीठ असतं! आमच्याकडे मे महिन्यात डंकावर मसाला कुटून आणतो, तेव्हा किलोभर मिरचीला पाव किलो मीठ पडतं, वर्षभर टिकायला. वरून आमटीत वेगळं मीठ, त्यावर आण्णांची चिमूट. तीन मजली काम आहे ते. गोडा मसाला असता तर एवढं म्हटलं नसतं. शेंगदाण्याची चटणी, पापड, लोणच्याचा खार यांचंही तेच. पापडात पापडखार असतो, तोही सोडियमवालाच.

दोन स्वयंपाक नकोत, फक्त क्रम बदला. मी असं करते: कुकरात डाळ हळद-हिंग घालून, बिनमिठाची. ती घोटली की पळीत तुपाची फोडणी, त्यात जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. अर्धी फोडणी पोराच्या वाटीतल्या डाळीवर आधी ओतायची, चुर्र आवाज झाला पाहिजे. उरलेली पातेल्यात, मग मसाला, मग मीठ. पोरं मिठासाठी नाही हो थुंकत, वास नसतो म्हणून थुंकतात. अळणी खिचडीला नुसता कुकरचा वास येतो, मलाही नाही जात. लिंबाचे चार थेंब, भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडं ओलं खोबरं, यातलं काहीही चालतं. दाण्याचं कूट चालेल, बारीक केलेलं. अख्खे दाणे मात्र इतक्यात हातात देऊ नका, घशात अडकतात.

हो, आणि कणकेत मीठ घालत असाल तर बंद करा. कुणाच्याही लक्षात येत नाही. आमच्याकडे सहा महिने झाले, नवऱ्याला अजून पत्ता नाही.

सिन्नरकर:

तिखटाचं मी सांगतो. आमच्या चिरंजीवांनी मामाच्या लग्नात मिसळीचा रस्सा चाटला होता. रात्री काही नाही, मजेत झोपला. दुसऱ्या दिवशी लंगोट बदलताना जे रडला, ते आमच्या सौ. अजून विसरलेल्या नाहीत. तिखटाने विषबाधा होत नाही, पण खालून भाजतं हो. रंगच हवा असेल तर ब्याडगीची चिमूट, आणि तीही तुपात.

गुहागरची माई:

पोरी, एक गंमत सांगते. नात उन्हाळ्यात आली होती, दोन वर्षांची. सूनबाईने बजावलेलं, मीठ कमी. मी मऊ भात, घरचं मेतकूट, तूप, सगळं मोजून देत होते. मेतकुटात मी मीठ घालतच नाही, खाताना वाढतो. पण दुपारी सोलकढी मात्र वाटी-वाटी पाजत होते. पोर संध्याकाळपर्यंत पाणी-पाणी करायची. मला वाटलं, उकाडा आहे. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. कढी मी आगळाची करते, आणि कोकमाचं आगळ काढायचं तेच मुळी मिठात! वरून सवयीने मी आणखी मीठ घालत होते. मग तिच्यापुरती चार आमसुलं पाण्यात भिजत घालून, कोळून, त्यात नारळाचं दूध घातलं. तीही आमसुलं धुऊन घेतली.

आमच्या वेळी मीठ घातलंच आणि पोरं मोठी झालीच, हे तुझ्या सासूबाई म्हणतील. मीही म्हणायची. पण आमच्या पोरांच्या हातात दिवसभर बिस्किटाचा पुडा आणि नळ्यांची पाकिटं नसायची, हेही खरं. सासूबाईंशी वाद घालू नकोस. तिची वाटी त्यांनाच भरायला सांग.

कृष्णाकाठ:

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. सगळ्यांचे आभार.

मसाल्याच्या बरणीतलं मीठ माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईंना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग, टिकणार कसा?" आमच्याकडेही पाव किलोच. आता आमटीत वेगळं मीठ निम्मं केलंय. कुणी काही बोललं नाही, म्हणजे आण्णा सोडून.

माईंचं ऐकलं. लेकीची वाटी आता आईंच्या ताब्यात. अर्ध्या फोडणीची युक्ती मी फक्त एकदा करून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून आई तुपात लसूण इतका लाल करतात की वास दारापर्यंत येतो, आणि लेक "चुर्र" ऐकायला ओट्याखाली उभी. वाटी चाटूनपुसून खाते. रोज नाही, काल परत थुंकली, पण दात येतायत. लीड्सकर, चिमटीही मोजल्या. माझ्या दहांचे ३ ग्रॅम, आण्णांच्या दहांचे ६! सोनाराकडच्यासारखं दोनदा मोजून घेतलं त्यांनी, मग गप्प झाले आणि उठून पेपर वाचायला गेले.

ताटातल्या मिठाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. जेवताना हिने बोट दाखवलं की ते मिठाशी बोटं नेतात, न लावताच उचलतात आणि रिकामी चिमूट तिच्या वाटीवर छान चोळून भुरभुरतात. ती लगेच घास घेते. दोन आठवडे उत्तम चाललं. परवा मात्र तिने त्यांचा हात धरला, बोटं एकेक उलगडून पाहिली आणि जिभेने चाटली. आण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी भाकरी थापत होते, मागे वळलेच नाही.