रायझेन २६०० वाल्या मशीनवर नुसता प्रोसेसर बदलावा की सगळाच संच नवा घ्यावा?

बी४५०_समर्थक
मुद्दा मांडतो, जमलं तर खोडून काढा. बी४५० मदरबोर्ड, एएमडीचा रायझेन ५ २६०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड असं मशीन असेल, तर गेमिंगसाठी सगळाच संच (प्रोसेसर, बोर्ड, रॅम) नवा घेणं ही उधळपट्टी आहे. त्याच सॉकेटात (प्रोसेसर बसवायच्या खाचेत, हिचं नाव एएम४) रायझेन ५६०० किंवा ५७००एक्स३डी बसवा आणि मोकळे व्हा.

२६०० मध्ये १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे खरी, पण ती तीन-तीन कोअरच्या दोन गटांत आठ-आठ एमबी अशी विभागलेली. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटातला डेटा लागला की इन्फिनिटी फॅब्रिक नावाच्या आतल्या जोडमार्गावरून वळसा पडतो. ५६०० मध्ये सहाही कोअरना मिळून ३२ एमबीची एकच कॅश आहे, ५७००एक्स३डी (पुढे नुसतं एक्स३डी) मध्ये तीच ९६ एमबी. गेमला गिगाहर्ट्झपेक्षा हे जास्त मानवतं. म्हणून ४.१ गिगाहर्ट्झच्या पुढे न जाणारा ५७००एक्स३डी बहुतेक गेममध्ये ४.६ पर्यंत जाणाऱ्या साध्या ५७००एक्सच्या पुढे राहतो.

फ्रेमटाइम
थांबा. प्रोसेसरच अडवतोय हे ठरवलं कोणी? आधी मोजा.

जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रोसेसर बदलून हाती काही लागणार नाही. दुसरीकडे, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्के दिसला म्हणून तो निवांत आहे असंही समजू नका. प्रोसेसरच्या १२ थ्रेडपैकी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगांपैकी) गेमची एकच मुख्य रांग तुडुंब भरली असला तरी एकूण आकडा कमीच दिसतो. खात्रीची चाचणी अशी: गेममध्ये गर्दीच्या ठिकाणी उभे राहा, रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा, बाकी सेटिंग तसंच ठेवा. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढल्या तर कार्ड अडवत होतं. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम.

१४४०पी वर अल्ट्रा सेटिंग लावून एकट्याने खेळायचे गेम खेळणाऱ्याने एक्स३डी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. सरासरी फ्रेम जेमतेम हलतील. एक टक्का लो (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग) सुधारेल, पण तेवढ्यासाठी ५६०० सुद्धा पुरतो.

सॉकेट_बदला
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. एएम४ नंतरचं सॉकेट एएम५ सप्टेंबर २०२२ मध्येच आलं. एएम४ वर आज जे बसवाल ते शेवटचं, पुढे रस्ता नाही. शिवाय "नुसता प्रोसेसर" म्हणता म्हणता यादी लांबते. एक्स३डी सोबत कूलर येत नाही आणि २६०० बरोबरचा छोटा रेथ स्टेल्थ त्याला पुरत नाही. रॅम २६६६ वेगाची असेल तर तीही बदलावीशी वाटणार. बी४५० वर पीसीआयई (कार्ड बोर्डाला जोडणारा मार्ग) जुना ३.० आहे, म्हणजे पुढचं कार्ड आरटीएक्स ४०६० सारखं आठ लेनचं घेतलं तर बँडविड्थ निम्मी. इतकं करून गेममध्ये पोचणार कुठे? जिथे एएम५ वरचा साधा ७६०० असतो, साधारण तिथेच.

बी४५०_समर्थक
७६०० एकटा येत नाही हो. बोर्ड आणि डीडीआर५ घेतल्याशिवाय तो चालू होत नाही, ते हिशेबात कुठे गेलं? आठ लेनचा फटका मुख्यतः व्हीआरएएम (कार्डावरची मेमरी) भरून वाहायला लागली की बसतो, तिथे टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की भागतं. रॅमचं म्हणाल तर मोठ्या कॅशमुळे एक्स३डी ला रॅमचा वेग कमी जाणवतो. ३२०० वेगाच्या रॅमची चिंता ५६०० वाल्यांनी करावी. कूलरचा मुद्दा मात्र मान्य.

पाना_आणि_पेस्ट
वाद चालू द्या, पण बदलणाऱ्यांसाठी क्रम लिहून ठेवतो, कारण घोटाळे इथेच होतात.

आधी बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, तेही जुना प्रोसेसर जागेवर असताना. बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन बघून निर्मात्याच्या यादीत तुमच्या नव्या प्रोसेसरपुढे कोणती आवृत्ती लिहिली आहे ते पाहा. फाइल एफएटी३२ पेनड्राइव्हवर टाका आणि बायॉसमधूनच अपडेट करा. १६ एमबी बायॉस चिपच्या काही बोर्डांवर नवी आवृत्ती टाकली की जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट जातो, परतीची वाट बंद होते. ती टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) सस्पेंड करा आणि रिकव्हरी की दुसरीकडे उतरवून घ्या. प्रोसेसर बदलल्यावर पहिल्याच बूटला एफटीपीएम (प्रोसेसरमधला सुरक्षा-किल्ल्यांचा साठा) रीसेट करायचं का, वाय की एन, असं विचारतात. की हाताशी नसताना वाय दाबलं की ड्राइव्ह कुलूपबंद.

कूलर काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम करा. बंद करून प्लग काढा, स्क्रू फिरवा आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे पिळत सोडवा. एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेल्या पेस्टने धरून ठेवलं तर लिव्हर खाली असतानाही प्रोसेसर कूलरबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. स्टेल्थचे चार स्क्रू थेट मागच्या पट्टीत जातात, ते निघाले की पट्टी मागे घसरते. एक हात तिथे ठेवा.

नव्या प्रोसेसरवर पहिल्यांदा स्क्रीन मिनिट-दोन मिनिटं काळी राहू शकते, मेमरी ट्रेनिंग चालू असतं. घाबरून पॉवर काढू नका. नंतर बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवणारं सेटिंग) पुन्हा चालू करा. अपडेटने ते पुसलं जातं, रॅम गपचूप २१३३ किंवा २४०० वर धावते आणि लोक "नवा प्रोसेसर घेऊन फरक नाही" म्हणत बसतात.

सॉकेट_बदला
व्हीआरएमचं (बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं) कोणी बोलत नाही. हीटसिंक नसलेल्या स्वस्त बी४५० वर १०५ वॅटचा प्रोसेसर?

फ्रेमटाइम
५७००एक्स३डी च्या थोरल्या भावाची, ५८००एक्स३डी ची मर्यादा १४२ वॅट आहे, पण गेममध्ये तो साधारण त्याच्या निम्म्यावर असतो. नुसतं गेमिंग असेल तर चालतं. रात्रभर रेंडर लावणार असाल तर तो बोर्ड नको.

सॉकेट_बदला
बरं. इंटेलवाल्यांना काय सांगणार? एलजीए ११५१ या इंटेलच्या सॉकेटचं नाव एकच, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठवी-नववी चालत नाही. आय५ ७४०० वाल्याची उडी फार तर ७७००के पर्यंत, तेही चारच कोअर.

बी४५०_समर्थक
तिथे तुमचंच खरं, त्यांनी संचच बदलावा. एएम४ वर मात्र मी ठाम आहे. फक्त ५५०० घेऊ नका, त्यात कॅश १६ एमबीच आहे. आणि वापरलेला एक्स३डी घेत असाल तर चारही बाजूंनी पिनांच्या रांगा डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. एकही पिन रांगेबाहेर दिसली तर परत करा.