दुःखानं माणूस घडतो की नुसता मोडतो?

टिळकवाडीकर:
कुणाच्या घरी वाईट घडलं की भेटायला आलेल्यांपैकी एक तरी जण उठता उठता म्हणतोच, "देव परीक्षा बघतो. यातूनच माणूस घडतो." माझं मत असं की हे बोलणं आता बंद व्हावं. दुःख कुणालाही घडवत नाही. जे तरतात ते चारचौघांत बोलतात, जे खचतात ते घराबाहेरच पडत नाहीत, त्यामुळं आपल्या कानावर एकच बाजू येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला, आपल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडं नदीकाठची मातीची घरं बसली. त्यानंतर 'पुरानं आपल्याला एकी शिकवली' हे भाषण मी कितीदा ऐकलं. बोलणाऱ्यांची घरं बहुतेक स्लॅबची होती.

उलट मत असेल तर जरूर मांडा. फक्त सकाळी सकाळी येणारे सुविचार नकोत.

अभंगवेडा:
सर, मग तुकोबांचं काय करायचं? 1630 च्या सुमाराला दुष्काळ पडला, धंदा बसला, थोरली बायको अन्न अन्न करत गेली. आणि तोच माणूस पुढं देवाला म्हणतो, बरं झालं दिवाळं निघालं. हा सुविचार आहे का? परदेशातलं उदाहरण हवं तर व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल घ्या. 1942 ते 1945 नाझींच्या छळछावण्यांत काढली. आई, वडील, भाऊ, बायको गेली. बाहेर आल्यावर ते हेच सांगत राहिले की माणसाचं सगळं हिसकावून घेता येतं, पण आल्या प्रसंगाला सामोरं कसं जायचं हे ठरवणं त्याच्याच हातात राहतं. तुमच्या हिशेबानं हे दोघंही खोटं बोलले म्हणायचे.

निपाणीची लेक:
खोटं कोण म्हणतंय? ते स्वतःबद्दल बोलले, शेजाऱ्याबद्दल नाही. फ्रँकल तर तुम्ही अर्धेच सांगितलेत. त्यांनीच बजावून ठेवलंय की दुःख टाळता येण्यासारखं असेल तर त्याचं कारण दूर करणं हेच अर्थाचं काम, विनाकारण सोसण्यात शौर्य नाही. आणि तुकोबांनी सावकारीची आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. कुळांना समोर बसवून 'कर्जानं माणूस घडतो' असं कीर्तन केलं नाही.

माझी आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, भिजवलेली पानं कात्रीनं कापायची, भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. तोंडानं आमचा पाढा घ्यायची आणि बोटं चालू. ठेकेदार माल घेताना मूठभर बिड्या उचलून खराब म्हणून 'छाट' काढायचा. छाटीचे पैसे नाहीत, आणि ती छाट आमच्या सुपात परतही यायची नाही. मला नोकरी लागली तेव्हा गल्लीत सत्कार झाला. एक काका माइकवर म्हणाले, "आईच्या कष्टानंच ही मुलगी घडली." घरी आल्यावर आई म्हणाली, "कष्टानं माझी कंबर मोडली बाई. तुला घडवलं ते तुझ्या शाळेतल्या बाईंनी, आणि त्या फुकट शिकवणी घ्यायच्या म्हणून."

वडगावचा विणकर:
ताई, तुमचं पटालंय मला, खरं सगळंच काय झाडून टाकू नका. आमच्या मागाचा धंदा बसला तवा मी पण लई बोललो देवाला. खरं तुमच्याच गावचं बघा की ओ. 1981 ला तंबाखूच्या भावाचं आंदोलन झालं, शेतकरी संघटनेचे शरद जोशी आले, शेतकरी हमरस्त्यावर बसले, 6 एप्रिलला गोळ्या चालल्या, माणसं गेली. सोसलं नसतं तर बसले असते काय रस्त्यावर? कवा बसले असते सांगा!

निपाणीची लेक:
अण्णा, सोसणं तर त्याच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या चालूच होतं. कुणी बसलं का रस्त्यावर? भाव कसा पाडला जातो याचा हिशेब कुणीतरी मांडून दाखवला, गावोगाव सभा झाल्या, तेव्हा बसले. तुम्ही श्रेय नेमकं उलट्या माणसाला देताय.

वडगावचा विणकर:
हिशेब मांडला, खरं. हिशेब कळायला पोटात आग लागावी लागती, हे पण खरं. मी हटणार नाही.

तिसरी पिढी:
दुःखातून अर्थ काढा म्हणणाऱ्यांनी आमच्या घरी यावं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आमच्याकडं त्या तारखेला काळा दिवस पाळतात. आजोबा सीमासत्याग्रहात तुरुंगात गेले, बाबांनी 1986 ला कन्नड सक्तीच्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या, मी 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याच्या तारखा वाचतो. आजोबांबद्दल मला आदर आहे, तो कुणी काढू नये. पण नोकरीसाठी कन्नडचा क्लास लावला तेव्हा घरात दोन दिवस जेवण गप्प गप्प झालं. "त्यांनी एवढं सोसलं आणि तू..." त्यांच्या दुःखाचा अर्थ त्यांनी शोधला. त्याचे हप्ते मी का फेडू?

अभंगवेडा:
तुम्हाला मराठीतून हे लिहिता येतंय, ते त्या सोसण्यामुळंच. हेही लिहा की.

तिसरी पिढी:
लिहिलं, बघा. आता क्लासला जाऊ का?

मानसशास्त्राचा मास्तर:
थोडी भर. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टेडेशी आणि कॅलहून यांनी नव्वदच्या दशकात आघातानंतरच्या वाढीवर काम केलं, 1996 साली 21 प्रश्नांची मोजपट्टी काढली. लोकांनी यातलं सोयीचं तेवढं उचललं. त्यांच्या मते वाढ आघातामुळं होत नाही, नंतर जी झटापट होते तिच्यातून होते. आणि वाढ झाली म्हणून वेदना जात नाही, दोन्ही एकाच घरात नांदतात. मोजपट्टीवर आक्षेपही आहेत. माणूस स्वतः म्हणतो "मी बदललो", पण आघाताच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजणी करून पाहिली, तर म्हणणं आणि खरा बदल फारसे जुळले नाहीत. म्हणून धागाकर्ते निम्मे बरोबर. निम्मेच.

मलप्रभाकाठ:
मी खानापूर तालुक्यातली. नवरा अचानक गेला, मुलगा चौथीत होता. टिळकवाडीकर सर, तुमचा राग मला कळतो, मलाही त्या "देव परीक्षा बघतो"वाल्यांना बाहेर काढावंसं वाटलं होतं. पण दुःख कुणालाही घडवत नाही, हे तुम्ही माझ्याही वतीनं बोललात. ते नको.

सुतक फिटायच्या आत मला कळलं की रडायला वेळच नाही. बँक म्हणते वारस दाखवा, जमिनीच्या उताऱ्यावर नाव चढवायचं तर वंशावळ आणा, नाडकचेरीतला, म्हणजे आमच्याकडच्या महसूल कचेरीतला, सगळा कागद कन्नडमध्ये. माझी शाळा मराठी. सही कुठं करायची तेही दुसऱ्यानं बोट ठेवून दाखवायचं. खिडकीशी उभी राहून अपमान गिळले, एकेक अक्षर लावून कन्नड वाचायला शिकले. आता आसपासच्या गावांत कुणी बाई अशी एकटी पडली की मी जाते. पहिल्या दिवशी भाकरी-पिठलं घेऊन, तोंड बंद ठेवून. दहाव्यानंतर कागदांची पिशवी घेऊन. आधीची मी असं कुणाच्या दारात गेले नसते. शेजारच्या गावात कोण राहतं हेही मला माहीत नव्हतं.

टिळकवाडीकर:
ताई, मनापासून नमस्कार. तरी विचारतो, राग मानू नका. हे शिकायला नवरा जायलाच हवा होता का? खिडकीवर मराठीत एक कागद लावला असता, वारसाचं काम घरी येऊन करून दिलं असतं, तर तुमचे ते अपमान वाचले असते. तुमच्या घडण्याचं कौतुक करताना ती खिडकी सुटून जाते, एवढंच माझं म्हणणं.

मलप्रभाकाठ:
जायला नकोच होता. हे सगळं परत देते, माणूस द्या म्हटलं तर आत्ता देईन. पण तसा सौदा कुणी करत नाही ना सर. गेला, आणि पुढं मी उरले. त्या उरलेल्या मीचं काय करायचं हा माझा प्रश्न होता. खिडकीशी तुम्ही जरूर भांडा, मी पण येते. पण भांडण मिटेपर्यंत त्या बायांनी थांबायचं का?

निपाणीची लेक:
अक्का, तुमच्याशी वाद नाहीच. माझा वाद त्या माइकवाल्या काकांशी आहे.

वडगावचा विणकर:
अक्का, एक काम होतं. माझ्या मावसभावाची बायको अशीच अडकून बसल्या तुमच्याच तालुक्यात. चार खेपा झाल्या, दरवेळी एक कागद कमी म्हणून परत पाठवालेत. काय काय लागतंय?

मलप्रभाकाठ:
मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची आधार कार्डं, रेशन कार्ड, नोटरीचं प्रतिज्ञापत्र. तलाठी चौकशीला येतो, तेव्हा घरी कुणीतरी असावं, आणि ओळखीची चार माणसं जबाब द्यायला तयार ठेवा. आधारवरचं आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आधी बघा, बहुतेक खेपा तिथंच वाया जातात. गाव कुठलं? जवळ असेल तर सोमवारी मीच जाईन तिच्याबरोबर.