शब्दचर्चा: 'दुटप्पी, पण ढोंगी नव्हे' हे मराठीत कसं म्हणायचं?

उंबरठा
आमच्या वाचनकट्ट्यासाठी स्टीव्हन्सनच्या डॉ. जेकिल आणि मि. हाइडच्या गोष्टीतलं (१८८६) शेवटचं प्रकरण मराठीत करते आहे. प्रतिष्ठित डॉक्टर जेकिल स्वतः केलेलं औषध पिऊन हाइड नावाचा दुष्ट माणूस होतो, ती गोष्ट. म्हणजे जेकिलचा लेखी कबुलीजबाब. पहिल्याच परिच्छेदात अडले. तो म्हणतो, मी इतका पक्का दुटप्पी, तरी ढोंगी कुठल्याच अर्थाने नव्हतो. माझ्या दोन्ही बाजू अगदी मनापासूनच्या होत्या. लाज सोडून चिखलात उतरलो तेव्हाही मीच होतो, आणि दिवसाउजेडी लोकांचं दुखणं हलकं करत होतो तेव्हाही मीच.

हे कट्ट्यावर वाचून दाखवलं तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "दुटप्पी म्हणजेच ढोंगी की. एकाच वाक्यात हो आणि नाही कसं?" मला पटलं नाही. माझी आजी संगमेश्वरकडची, तिच्या तोंडी हे दोन शब्द वेगळे असत. गावातल्या एका सावकाराला ती ढोंगी म्हणे. स्वतःच्या भावाला दुटप्पी म्हणे. भाऊ सकाळी पूजेला बसला की डोळ्यांतून पाणी काढायचा आणि रात्री जुगाराच्या अड्ड्यावर असायचा. "त्याची पूजा खोटी नव्हती गो," असं ती मला बजावून सांगायची. जेकिल नेमका हेच सांगतो आहे. पण आजीचा हा फरक आणखी कोणाला ऐकू येतो का?

पाटीपेन्सिल
मला येत नाही. 'दुटप्पी' हे विशेषण मी माणसाला लावलेलं फारसं ऐकलेलं नाही. दुटप्पी धोरण, दुटप्पी बोलणं, दुटप्पी भूमिका. तुमच्या आजीचा वापर घरगुती असावा. छापील मराठीत वाचक गोंधळेल.

रानजाई
आमच्याकडे (सातारा) माणसालाही लावतात. "लई दुटप्पी माणूस हाय त्यो." पण अर्थ 'दोन्हीकडून बोलणारा'. इथे एक, तिथे दुसरं. चेंडूचे दोन टप्पे पडतात ना, एक इथे, एक तिथे, तसा. माझ्या मते शब्द तिथूनच आला.

पाटीपेन्सिल
चेंडूचा टप्पा कशाला? टप्पा म्हणजे मजल. वाटेतलं थांबण्याचं ठिकाण. दोन मुक्काम असलेला तो दुटप्पी, हे जास्त सरळ नाही का?

उंबरठा
दोन मुक्काम! जेकिलचं घरच तसं आहे. पुढच्या बाजूला श्रीमंती दार. मागच्या गल्लीत दुसरं, रंगाचे पोपडे निघालेलं, ना घंटा ना कडी वाजवायची सोय. दोन्ही दारं एकाच वास्तूची आहेत हे वाचकालाही उशिरा कळतं. व्युत्पत्ती खरी असो नसो, मला हा अर्थ हवा आहे.

टाकसाळ
व्युत्पत्ती खरी असो नसो, असं शब्दचर्चेत म्हणू नये. आपण इथे शब्द पारखायला जमतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. 'ढोंगी' हा शब्द या वाक्याला हलका पडतो. ढोंग आजारपणाचंही करतात, झोपेचंही करतात. इथे 'दांभिक' हवा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्ती मोजताना पहिला मान दंभाला दिला आहे, मग दर्प, अभिमान, क्रोध. ज्ञानेश्वरीतही त्या श्लोकावर विस्ताराने निरूपण आहे. इतकी परंपरा असलेला शब्द सोडून ढोंगी का घ्यावा? आणि दुसऱ्या शब्दासाठी 'द्विधाचारी' योजता येईल. अर्थ तत्काळ कळतो.

रानजाई
टाकसाळकाका, तत्काळ नाही कळत. द्विधा म्हटलं की मला "मनाची द्विधा अवस्था" आठवते. म्हणजे ठरत नाही, जाऊ की नको जाऊ. जेकिलचं तसं कुठे आहे? त्याचं पक्कं ठरलेलं आहे. दोन्हीकडे जायचं.

टाकसाळ
मुद्दा मान्य. 'द्विधा' मागे घेतो. 'दांभिक' मागे घेत नाही.

पेटारा
सिंधुदुर्गातून लिहितो. माझे वडील दशावतारात काम करत. आमच्याकडे 'सोंग' आणि 'ढोंग' यांत जमीनअस्मानाचा फरक. सोंग सगळ्यांसमक्ष घेतात. आत कोण आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक असतं, दुपारी तो भात लावताना दिसलेला असतो, तरी रात्री तो राजा झाला की लोक हात जोडतात. ढोंगात मात्र आतला माणूस लपवायचा असतो. ज्या इंग्रजी शब्दाला ('हिपोक्रिट') तुम्ही ढोंगी म्हणताय त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थसुद्धा 'नट' असा आहे. तो शब्द नटाकडून निघून लबाडाकडे गेला याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता माझा प्रश्न. हाइड हे जेकिलचं सोंग आहे की ढोंग?

उंबरठा
एके ठिकाणी जेकिल म्हणतो की औषधाचा पेला घेतला की नामांकित डॉक्टरचं शरीर उतरवून हाइडचं शरीर जाड झग्यासारखं अंगावर घेता येई. म्हणजे सुरुवातीला तो त्याला सोंगच समजतो. पुढे एका सकाळी स्वतःच्या पलंगावर जाग येते आणि पांघरुणावरचा हात हाइडचा असतो, केसाळ, शिरा वर आलेला. औषध न घेताच. तिथे सोंग संपलं.

धुक्यातला
मी एडिंबरोत राहतो म्हणून लिहावंसं वाटलं. स्टीव्हन्सन इथलाच, जन्म १८५०. गोष्टीत लंडन असलं तरी वाचताना मला इथल्या गल्ल्याच दिसतात. विल्यम ब्रॉडी नावाचा एक सुतार इथे होऊन गेला. कपाटं करणारा, नगर परिषदेवर बसणारा, प्रतिष्ठित माणूस. दिवसा ज्यांच्या घरी काम करायचा त्यांच्या किल्ल्यांचे ठसे घ्यायचा आणि रात्री तिथेच चोरी. १७८८ मध्ये त्याला फाशी दिलं. त्याने केलेलं एक कपाट लहानग्या स्टीव्हन्सनच्या खोलीत होतं. ते इथल्या लेखकांच्या संग्रहालयात आहे, मी दोनदा पाहून आलो. पुढे स्टीव्हन्सनने त्याच्यावर एका मित्रासोबत नाटकही लिहिलं.

शब्दचर्चा आहे म्हणून एक सांगतो. त्याला 'डीकन ब्रॉडी' म्हणतात, आणि मराठीत कोणीही त्याचा 'पाद्री ब्रॉडी' करून टाकेल. हा डीकन चर्चचा नव्हे. सुतारांच्या संघाचा मुख्य, एवढाच अर्थ.

टाकसाळ
उत्तम माहिती. त्याला मराठीत 'मेहतर' चालेल. जुन्या व्यवहारात कारागिरांच्या जमातीचा मुख्य तो मेहतर किंवा मेहेत्रा. म्हेत्रे हे आडनाव मी त्याच्याशीच जोडतो.

पाटीपेन्सिल
आज 'मेहतर' लिहिलं तर वाचक भलताच अर्थ घेईल. शब्द जुना म्हणून जिवंत होत नाही. 'सुतारांचा मुखिया' लिहा आणि पुढे चला.

टाकसाळ
'मुखिया' हिंदी. आपल्याकडे 'म्होरक्या' आहे.

पाटीपेन्सिल
म्होरक्या टोळीचा असतो.

धुक्यातला
रात्रीच्या ब्रॉडीला तोच बसतो. त्याची खरंच टोळी होती, आणि तिच्यातलाच एक जण फुटला म्हणून तो सापडला.

सांजवात
मी इथे क्वचित लिहिते. पण जेकिलच्या कबुलीजबाबात मला सगळ्यात जास्त अडवणारा शब्द दुटप्पी नाही की ढोंगी नाही. तो 'मी' आहे. शेवटाकडे हाइडच्या रात्रीचं वर्णन करताना जेकिल मध्येच थांबून म्हणतो, 'तो' म्हणतो मी. 'मी' म्हणवत नाही. हे वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं.

कारण आमच्या घरी रोज पूजेच्या शेवटी स्वतःभोवती प्रदक्षिणा घालताना म्हणतात: पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः. मी पाप आहे, असं सरळ प्रथमपुरुषी. लहानपणी मला ते आवडायचं नाही. मी आईला विचारायची, मी काय पाप केलं? ती म्हणायची, म्हण नुसतं, म्हटल्याने उतरतं. जेकिलला तेवढं एक वाक्य म्हणता आलं नाही. त्याने सर्वनाम बदललं.

उंबरठा
सांजवात, हे वाक्य मी अजून केलेलंच नाही. आता करताना हे डोक्यात राहील. मराठीत आणखी एक अडचण आहे, क्रियापद. 'मी गेलो' आणि 'तो गेला'. इंग्रजीत भूतकाळी क्रियापद दोन्हीकडे सारखंच राहतं, त्यामुळे तिथला 'मी' गुपचूप 'तो' होतो. मराठीत प्रत्येक वाक्याच्या शेवटी कबुली द्यावी लागते.

टाकसाळ
'मी केले', 'त्याने केले'. कर्मणी प्रयोग वापरा, क्रियापद बदलणार नाही.

उंबरठा
काका, हे फार कामाचं आहे. मनापासून आभार.

पेटारा
यावर आमच्याकडचं सांगतो. "त्याच्या अंगात कली शिरला" म्हणतात. नळराजाच्या गोष्टीवरून. पाय न धुता संध्येला बसला आणि कलीला वाट मिळाली. हाइडला 'कली' का म्हणू नये?

सांजवात
कली बाहेरून शिरतो, दादा. वाट बघत दबा धरून बसलेला असतो, आणि शेवटी नळाच्या अंगातून निघूनही जातो. नळ मूळचा चांगलाच. हाइड बाहेरून आलेला नाही. तो जेकिलपेक्षा लहानखुरा आणि तरुण आहे, त्याचे कपडे हाइडला ढगळ होतात. का, तर ती बाजू आयुष्यभर कमी वापरली गेली म्हणून कमी वाढली, असं जेकिल स्वतः सांगतो. त्याला कली म्हटलं तर जेकिल सुटला.

रानजाई
मग पसायदानातलं "जे खळांची व्यंकटी सांडो" घ्या की. खळ राहू दे, त्याचा वाकडेपणा जाऊ दे. 'व्यंकटी' काय सुंदर शब्द आहे! हाइडला पाहणारे सगळे म्हणतात की यात काहीतरी वाकडं आहे, पण बोट कुठे ठेवायचं ते सांगता येत नाही. एकही अवयव व्यंग म्हणून दाखवता येत नाही. ती व्यंकटी.

टाकसाळ
ज्ञानदेवांचा शब्द असा कुठेही चिकटवू नये. मात्र या जागी तो शोभतो हे कबूल करतो.

पाटीपेन्सिल
शोभतो, पण किती वाचकांना कळेल?

रानजाई
पसायदान शाळेत म्हटलेल्या प्रत्येकाला.

पाटीपेन्सिल
म्हटलं सगळ्यांनी. अर्थ किती जणांनी विचारला? मी स्वतः पस्तिशीत विचारला.

उंबरठा
मी पुन्हा माझ्या वाक्याकडे येते, रविवारी वाचन आहे. रात्री आजीचं बोलणं आठवताना तिचा आणखी एक शब्द आठवला. भावाबद्दल ती 'दुपेडी' म्हणायची. "दुपेडी आहे तो. एक पेड देवाचा, एक पेड शेणाचा." सुंभ वळताना बोलायची ती. हा शब्द मला दुटप्पीपेक्षा जवळचा वाटतो. यात फसवणूक नाही, नुसता पीळ आहे.

अडचण अशी की स्टीव्हन्सनची स्वतःची उपमा वेगळी आहे. जेकिल म्हणतो, एकमेकींशी न जुळणाऱ्या काटक्यांची ही मोळी एकत्र बांधली गेली, हाच माणसाला शाप. मोळी सोडली की काटक्या सुट्या होतात, एकेक शाबूत. त्याला वाटलं होतं, आपण मोळीच सोडतो आहोत. दोरीचा पीळ सोडला तर दोरी उरत नाही. मी 'दुपेडी' वापरला तर जेकिलला जे शेवटी कळतं ते मी त्याच्या तोंडी पहिल्याच परिच्छेदात घातल्यासारखं होईल का?

टाकसाळ
होईल. अनुवादकाने लेखकाच्या पुढे धावू नये.

सांजवात
पण कबुलीजबाब तो सगळं होऊन गेल्यावर लिहितो आहे ना? औषधाचा क्षार संपत आलेला, बाजारातून मागवलेला नवा क्षार काम करत नाही, खोलीचं दार आतून बंद. त्याला कळून चुकलेलं आहे. मी तर 'दुपेडी'च ठेवीन.

पाटीपेन्सिल
दुपेडी वाचून शहरातल्या वाचकाला वेणी आठवेल.

पेटारा
आठवू दे की. वेणीसुद्धा पीळच. पण दोरीचं म्हणाल तर आमच्याकडे दोन पेडांची दोरी धरत नाहीत, टिकत नाही म्हणतात. निदान तीन पेड लागतात. उंबरठाताई, तुमच्याकडे सुंभ दोन पेडांचं वळायचे का? आणि वळ उजवीकडे द्यायचे की डावीकडे?

रानजाई
आमच्याकडे दावं तीन पेडांचं, पण चऱ्हाट दोन पेडांचं पाहिलेलं आहे. आणि आम्ही 'पेड' नाही म्हणत, 'पदर' म्हणतो.

टाकसाळ
'पदर' आणि 'पेड' एक नव्हेत. यावर वेगळा धागा काढावा लागेल.