डॉ. बाशलो: पक्षाबाहेर गेले म्हणून सुटले का?

रानवारा:
फ्रान्सच्या नॅशनल फ्रंटबद्दल वाचताना एका डॉक्टरपाशी अडकलो. फ्रान्स्वा बाशलो, कॅन्सरतज्ज्ञ. १९८६ ची निवडणूक मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीने झाली आणि ल पेन यांच्या या कडव्या उजव्या पक्षाचे ३५ जण एकदम संसदेत शिरले. त्यात हे, पॅरिसलगतच्या सेन-साँ-दनीतून. एड्सची भीती तेव्हा ऐन भरात होती आणि पक्षातर्फे त्यावर बोलायला हेच पुढे. रुग्णांना वेगळं ठेवायची केंद्रं काढा म्हणत होते, त्यांना नाव पडलं 'सिदाटोरियम' (एड्सला तिकडे सिदा म्हणतात, शेपूट सॅनेटोरियमचं). ६ मे १९८७ ला ल पेन टीव्हीवर बोलले की एड्सचा रोगी म्हणजे एक प्रकारचा महारोगीच. घाम, अश्रू, थुंकी, स्पर्श, सगळ्यातून लागण.

सप्टेंबर १९८८ मध्ये ल पेननी द्युराफूर नावाच्या मंत्र्यावर कोटी केली: 'द्युराफूर-क्रेमातुआर'. 'फूर क्रेमातुआर' म्हणजे प्रेतं जाळायची भट्टी. रोख नाझी छावण्यांकडे. बाशलोंनी जाहीर नाराजी दाखवली आणि पक्षाबाहेर गेले. मला विचाराल तर डॉक्टरला कोटीच्या आधी त्या थुंकीच्या वाक्याची किळस यायला हवी होती.

चिंतामण:
असहमत. साहेबाच्या कोटीवर टाळ्या पिटणारेच सगळीकडे जास्त. हा माणूस निदान बोलला. आणि १९८७ मध्ये औषध म्हणावं असं हाताशी काय होतं? साथीत रोगी वेगळा ठेवणं प्लेगपासून चालत आलंय. घाबरलेल्या लोकांना लगेच फॅसिस्ट ठरवू नका.

कडुनिंब:
चिंतामणराव, क्षय खोकल्यातून पसरतो, म्हणून तिथे वेगळं ठेवणं समजू शकतं. एड्सचा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्याच पाश्चर संस्थेत सापडला. रक्त, संभोग, सुई, आईकडून बाळाला, हे मार्ग १९८७ पर्यंत डॉक्टरांना ठाऊक होते. थुंकी त्यात नाही.

मी नव्वदीत हाउसमन होतो. आमच्या वॉर्डात अशा पेशंटचं ताट वॉर्डबॉय पायाने सरकवायचा. ओरडलो की म्हणायचा, "सर, तुम्हाला शिकवलंय, मला भीती वाटते." त्याची चूक नव्हती. पण शिकलेल्यानेच ती भीती भाषणात वापरली तर?

आणि त्याच वेळी फ्रान्सच्या आरोग्यमंत्री होत्या मिशेल बार्झाक. त्याही डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ, सरकारही उजव्यांचंच, पंतप्रधान शिराकचं. त्यांनी निरोधच्या जाहिरातींना परवानगी दिली, आणि ल पेनच्या त्या टीव्ही कार्यक्रमानंतर आठवडाभरात इंजेक्शनच्या सिरिंज चिठ्ठीशिवाय विकायची मुभा.

चिंतामण:
बार्झाकबाईंना मानलं. पण थुंकीचं वाक्य ल पेनचं, बाशलोंचं नाही.

रानवारा:
मग खोडायचं. पक्षाकडे त्या विषयावरचा डॉक्टर तोच होता ना!

म्हापसेकर:
फ्रान्समध्ये बोलणंच झालं, आमच्या गोव्यात करून दाखवलं. रक्तदानातून एचआयव्ही कळलेल्या डॉमिनिक डिसोझाला १९८९ मध्ये पोलीस घेऊन गेले आणि म्हापशातल्या जुन्या क्षय सॅनेटोरियममध्ये ६४ दिवस एकट्याला ठेवलं. कायद्यानेच. पुढे उच्च न्यायालयानेही तो कायदा रद्द केला नाही. सरकार काँग्रेसचं होतं हो! तेव्हा हा आजार फक्त कडव्या उजव्यांचा, असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

चिंतामण:
तेच तर म्हणतोय मी.

कडुनिंब:
नाही, तुम्ही "तेव्हा सगळेच घाबरलेले" म्हणताय. म्हापसेकर म्हणताहेत की तिथेही चुकलंच.

रानवारा:
गोव्याचं मला माहीत नव्हतं, आभार. पण बाशलोंच्या तारखा पुन्हा बघा. १९८८ च्या जूनमध्ये जुनी मतदारसंघ पद्धत परत आली आणि पक्ष ३५ वरून थेट एका खासदारावर. ती एक म्हणजे यान पिया, बाशलो नव्हेत. जागा जूनमध्ये गेली, सदसद्विवेक सप्टेंबरमध्ये आला.

चिंतामण:
जागा गेल्यावर का होईना, माणूस जागा झाला की!

कडुनिंब:
ही कोटी चालेल. पण वर्षभर तो पेशंटच्या उशाशी झोपला होता, त्याचं काय?